वरचे दात, मामा आणि न येणारा घाम

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काशीत, ब्रह्माघाटाजवळ राहणारी मराठी माणसं. माझ्या लेकीचा मुलगा अडीच वर्षांचा झाला, पण तोंडात दात दोनच. तेही वरचे, चौदाव्या महिन्यात आलेले, सुळ्यासारखे टोकदार. डोक्यावर केस विरळ. उन्हाळा लागला की अंग तापतं, औषधाने उतरत नाही आणि रात्री आपोआप उतरतं. वर्षभर कॅल्शियम चालू आहे, फरक नाही. त्याच्या मामाचं, म्हणजे माझ्या मुलाचंही लहानपणी असंच होतं. विसाव्या वर्षापासून तो कवळी लावतो आणि उन्हात निघाला की खांद्यावर ओला गमछा हवाच. लेकीच्या सासरी कोणी म्हणतं, वरचे दात आधी आले म्हणजे मामाला वाईट; कोणी म्हणतं, पोटुशी असताना ती ग्रहणात बाहेर पडली होती. माझाही वरचा पुढचा एक दात कधी आला नाही, पण त्यावाचून माझं काही अडलं नाही. नातवाचे दात उशिरा येणार आहेत, की येणारच नाहीत? ते दोन टोकदार दात काढले तर त्या जागी चांगले येतील, असंही सांगतात. काय करावं?

उत्तर : आजी, तुम्ही दातांसाठी पत्र लिहिलंत, पण मला आधी त्या तापाबद्दल आणि मामाच्या गमछ्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही ज्या गोष्टी वेगवेगळ्या म्हणून लिहिल्यात (दोनच टोकदार दात, विरळ केस, उन्हाळ्यातलं अंग तापणं, मामाची कवळी, अगदी तुमचा न आलेला दातसुद्धा), त्या बहुधा एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण या साऱ्या खुणा एकत्र दिसल्या की डॉक्टरांच्या मनात एक नाव येतंच : हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिसप्लेशिया. नाव लांबलचक आहे, अर्थ सरळ आहे. गर्भाच्या बाहेरच्या थरापासून जे अवयव बनतात त्यांची वाढ अपुरी राहणं, आणि त्यात घाम कमी येणं. आपण त्याला इथे ‘कमी घामाचा विकार’ म्हणू.

आता तुमचा पहिला प्रश्न : उशीर की अभाव? या दोन गोष्टींची गल्लत फार घरांत होते. बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात दिसतो. वर्ष उलटेपर्यंत वाट पाहावी लागली तरी घाबरायचं कारण नसतं, आणि अडीच ते तीन वर्षांत दुधाचे वीसही दात तोंडात असतात. थायरॉइड कमी असेल, ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी मुडदूस झाला असेल, किंवा डाउन सिंड्रोम असेल, तर दात मागे पडतात. पण नुसता उशीर असेल तेव्हा दात आला की तो ओळखीच्या आकाराचा असतो; पुढचा दात चपटा, पटाशीसारखा. तुमच्या नातवाचे दोन्ही दात टोकदार आहेत, ही खूण उशिराची नाही. खात्री करायची तर जबड्याचा एक्स-रे काढावा लागतो. हिरडीखाली दात तयार होत असतील तर त्यांच्या सावल्या तिथे दिसतात. नसतील तर ती जागा रिकामी दिसते. अडीच वर्षांचं मूल मोठ्या यंत्रापुढे स्थिर उभं राहत नाही, तेव्हा सुरुवातीला लहान फिल्मवर भागवतात आणि पूर्ण जबड्याचा फोटो थोडा मोठा झाल्यावर काढतात.

मग वर्षभर दिलेलं कॅल्शियम कुठे गेलं? दात म्हणजे कॅल्शियम, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दात आला नाही की आपला हात थेट बाटलीकडे जातो. पण दाताच्या जन्मात कॅल्शियमची पाळी बरीच उशिरा येते. गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा, म्हणजे पुष्कळदा आईला नुकतं कुठे दिवस गेल्याचं कळलेलं असतं तेव्हा, भावी जबड्यावरच्या बाहेरच्या थरात एक जाडसर पट्टी उठते. त्या पट्टीवर ठरावीक अंतरांनी कळ्या फुटतात. प्रत्येक कळी खालच्या थरात शिरते, तिथल्या पेशींना निरोप देते, त्यांचा निरोप घेते. या देवाणघेवाणीतून कळीची आधी टोपी होते आणि मग घंटा. घंटेच्या आतल्या बाजूला पेशींची एक छोटी गाठ असते. दाताला एक टोक असावं की चार, हे तीच ठरवते. हा सगळा साचा तयार झाल्यावर, चौथ्या महिन्याच्या सुमाराला, त्यात खनिज भरायला सुरुवात होते.

तुमच्याच गावचं उदाहरण देतो. मदनपुऱ्यातल्या किंवा अलईपुऱ्यातल्या मागावर बनारसी शालू विणताना वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरत असते. पत्त्यावर भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो आणि त्याखालून जर जाऊन बुट्टी उमटते. भोकच पाडायचं राहिलं असेल तर विणकराने किलोभर जर आणून ठेवली म्हणून ती बुट्टी उमटायची नाही. कॅल्शियम ही जर आहे. नातवाच्या पत्त्यावर काही भोकं राहून गेली आहेत, आणि ती राहिली तेव्हा तो अजून आईच्या पोटात बोटभरही झाला नव्हता. तेव्हा कॅल्शियम कमी पडलं म्हणून तुम्ही किंवा लेकीने स्वतःला बोल लावू नका. मुलाच्या हाडांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर द्या, दातांची आशा त्यावर ठेवू नका.

पत्त्याची ही उपमा आणखी एका गोष्टीसाठी उपयोगी पडते. एकच पत्ता काठात आणि पदरातही वापरला असेल तर चूक दोन्हीकडे दिसते. गर्भात दाताची कळी जशी फुटते, तशाच कळ्या बाहेरच्या थरातून केसांसाठीही फुटतात आणि घामाच्या ग्रंथींसाठीही. तिन्ही ठिकाणी ‘इथे कळी फुटू दे’ हा निरोप पोचवणारं एक प्रथिन आहे, एक्टोडिस्प्लॅसिन नावाचं. ते ज्या जनुकावरून तयार होतं ते जनुक १९९६ साली सापडलं. त्याचं आखूड नाव ईडीए. या जनुकात बिघाड असेल तर निरोप पोचत नाही किंवा अर्धवट पोचतो. मग कळ्या थोड्या फुटतात. ज्या फुटतात त्यांना पूर्ण रूप मिळत नाही, म्हणून दात शंकूसारखा एका टोकाचा होतो. केस विरळ आणि बारीक राहतात. लाळेच्या आणि नाकातल्या ग्रंथीही कमी पडतात, त्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि नाकात खपल्या धरतात. नातवाच्या नाकात कडक खपल्या होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. बुद्धीशी या जनुकाचा संबंध नाही. दात नाहीत म्हणून मूल उशिरा किंवा बोबडं बोलेल, पण त्यावरून त्याला मंद समजण्याची चूक घरात कोणी करू नये.

आता तापाकडे येतो. घाम आपण किळसवाणी गोष्ट समजतो, पण शरीराचा कूलर तोच आहे. अंगावरचं पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. ज्याच्या अंगाला घामाच्या ग्रंथीच थोड्या, त्याची उष्णता आत साठत राहते. तुम्ही ज्याला ताप म्हणता तो जंतूंनी आलेला ताप बहुधा नसावा. ते बाहेरून चढलेलं ऊन आहे. फरक महत्त्वाचा अशासाठी, की जंतूंच्या तापात मेंदूच शरीराला ‘जास्त तापव’ असं सांगत असतो आणि पॅरासिटामॉल तो हुकूम खाली आणतं. इथे मेंदूचा हुकूम योग्यच आहे, पण तो अमलात आणणारे हात नाहीत. म्हणून औषधाने उतरत नाही आणि रात्री हवा निवली की आपसूक उतरतं. अर्थात या मुलांना जंतूंचा तापही येतोच, आणि तो आला की उतरणं जास्त अवघड असतं. तेव्हा हिवाळ्यात किंवा गार खोलीतही अंग तापलं तर ‘हे त्याचं नेहमीचंच’ म्हणून सोडू नका.

बाळपणातली दोनतीन वर्षं या विकारात सर्वांत जोखमीची असतात, आणि जोखीम दातांची नसून या उष्णतेची असते. फार चढलेली उष्णता मेंदूला इजा करू शकते, जिवावरही बेतू शकते. काशीत वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळिसाला टेकतो, वर लू वाहते. अशा गावात या मुलाला दुपारी अकरा ते पाच घरातच, गार खोलीत ठेवलं पाहिजे. मामाला हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्याने उपाय बरोबर शोधला. गमछ्यातलं पाणी त्याच्या घामाचं काम करतं. नातवालाही सुती सदरा ओला करून घाला, वाळला की पुन्हा भिजवा, प्यायला वरचेवर पाणी द्या, घरात पाण्याचा टब भरलेला असू द्या. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. ज्येष्ठातल्या कोरड्या लूमध्ये ओला सदरा, खसची टाटी, कूलर हे सगळं उत्तम चालतं. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की पाणी वाळतच नाही, मग ओल्या कपड्याचा आणि कूलरचा उपयोग फार कमी होतो. तेव्हा जमत असेल तर एसी, नाहीतर गार पाण्याची आंघोळ आणि पंखा. पाऊस सुरू झाला म्हणून निर्धास्त होणारी बरीच घरं असतात. आणि शाळेत जायला लागेल तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी द्या : उन्हात कवायत नाही, वर्गात पंख्याखालची जागा, पाण्याची बाटली आणि ओला रुमाल जवळ ठेवायची मुभा.

आता तो मामा. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, ही समजूत महाराष्ट्रापासून काशीपर्यंत आढळते. बहुतेक बाळांना खालचे मधले दोन दात आधी येतात. काहींना वरचे आधी येतात, आणि त्याचा मामाच्या प्रकृतीशी काडीचा संबंध नाही. पण मला गंमत वाटली ती याची, की तुमच्या घरात दातांचा आणि मामाचा संबंध खरंच आहे. फक्त तो समजुतीच्या उलट दिशेने आहे. भाच्याच्या दातांमुळे मामाला काही व्हायचं नाही. मामाला जे मिळालं तेच भाच्याला मिळालं, आणि दोघांनाही ते एकाच ठिकाणाहून मिळालं.

ते ठिकाण नीट सांगतो, कारण इथे उगाच कोणालातरी दोषी ठरवलं जातं. ईडीए हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांकडे एक्स दोन असतात, पुरुषांकडे एक एक्स आणि एक वाय. बाईच्या एका एक्सवर चूक असली तरी दुसरा तिची बाजू सावरतो. पुरुषाकडे सावरायला दुसरा नाही. म्हणून चूक आईकडून येते आणि तिचं पूर्ण रूप मुलग्यांत दिसतं. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला विकार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलीने तो फारसा न दिसता पुढे नेण्याची शक्यताही निम्मी. एक मुलगा असा झाला म्हणून पुढचा नक्की निरोगी, असा हिशेब चालत नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं.

आजी, हा अंदाज बरोबर असेल तर तुमच्या मुलाला हे आहे आणि तुमच्या लेकीच्या मुलालाही आहे. मामा आणि भाचा ज्या ठिकाणी जोडले जातात ते ठिकाण तुम्ही आहात. तुमचा न आलेला वरचा दात हा योगायोग नसावा. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो आणि दुसरा निजलेला असतो, हा विचार मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये मांडला. कुठल्या पेशीत कुठला जागा राहील हे गर्भात नुसतं नशिबावर ठरतं. त्यामुळे बिघडलेल्या जनुकाचा धागा वाहून नेणाऱ्या बाईच्या अंगावर काही पट्टे चांगल्या एक्सचे आणि काही बिघडलेल्याचे असे मिसळलेले असतात. एखादा दात कमी, एखादा टोकदार, केस थोडे विरळ, एवढीच तिची खूण. पाठीवर आयोडीन लावून ते वाळल्यावर वर पिठूळ स्टार्च लावलं आणि तिला घाम येऊ दिला, तर जिथे घाम येतो तिथे काळंनिळं होतं आणि जिथे येत नाही ते पट्टे कोरे राहतात. ही तपासणी त्वचारोग विभागात करता येते. तुम्ही म्हणता तुमचं त्यावाचून काही अडलं नाही. खरंच अडलं नाही, आणि त्यात तुमची चूकही काही नाही. तुमच्याकडे ते तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं असेल, किंवा तुमच्यापासूनच नव्याने सुरू झालं असेल. जनुक उतरवून घेताना अशी एखादी नवी चूक कुठल्याही घरात होते.

ग्रहणाचं उत्तरही इथेच मिळतं. नातू ज्या बीजांडातून आला ते बीजांड लेकीच्या अंगात कधी तयार झालं असेल? मुलीची बीजांडं ती स्वतः गर्भात असतानाच तयार होतात. म्हणजे लेक तुमच्या पोटात होती तेव्हाच नातवाचं बीजांड तिच्यात होतं आणि बिघडलेलं जनुक बहुधा त्यात आधीच होतं. त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी लेक ग्रहणात बाहेर पडली की घरात बसली, भाजी चिरली की नाही, याने आत काही बदलणार नव्हतं. सासरच्या मंडळींना एवढं एकदा शांतपणे सांगा, जमलं तर डॉक्टरांच्या तोंडून सांगवा. पोरीवर दुहेरी ओझं नको.

हा विकार आपल्याकडे नवा नाही. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी चार्ल्स डार्विनला कळवली होती आणि डार्विनने ती आपल्या पाळीव प्राणी व वनस्पतींमधल्या बदलांवरच्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत छापली. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष, प्रत्येकाच्या दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चार अशक्त दात आणि आठ दाढा, अंगावर केस जवळजवळ नाहीत, लवकर टक्कल, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून होणारे हाल. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांना पुन्हा तेच. आणि बापाकडून मुलाकडे मात्र कधीच गेलेलं नाही. एक्स गुणसूत्र हे नावही तेव्हा जन्मलेलं नव्हतं, तरी वारशाची वाट त्या घरातल्या माणसांनी अचूक ओळखून ठेवली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, १९३६ पर्यंत. पुढे १९२१ मध्ये थडानी यांनी हैदराबाद-सिंधमधल्या अशाच लोकांवर लिहिलं. तिथे त्यांना ‘भुदा’ म्हणत. मला त्या नोंदी वाचताना दरवेळी वाटतं की तिथल्या कडक उन्हाळ्यात ते पुरुष जगले ते कुणीतरी बायकांनी अंगावर पाणी मारत राहिल्यामुळे.

आणि काशीपुरतं आणखी एक. परंपरेप्रमाणे काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्याकडे शिकलेल्या सुश्रुताच्या संहितेत रोगांचा एक वर्ग ‘आदिबलप्रवृत्त’ म्हणून वेगळा काढला आहे : शुक्र-शोणिताच्या दोषातून येणारे, आणि त्यातही आईकडचे व बापाकडचे असे दोन. जनुकं कुणाला ठाऊक नव्हती. पण काही दुखणी माणूस जन्माला यायच्या आधीच ठरलेली असतात, हा भेद तिथे केलेला आहे. सासरी ग्रहणाची चर्चा चालवणाऱ्यांना आजचं विज्ञान परकं वाटत असेल तर सुश्रुताचं नाव घ्यायला हरकत नाही.

दात कमी असलेल्या प्रत्येक मुलाला हाच विकार असतो असं मात्र नाही, हे इतर वाचकांसाठी. एखादा वरचा बाजूचा दात किंवा अक्कलदाढ नसणं अगदी सामान्य आहे. काही घराण्यांत केस, घाम सगळं ठीक असतं आणि फक्त दाढा येत नाहीत. तिथे पॅक्स-नाइन नावाचं वेगळं जनुक असू शकतं आणि ते आईकडून तसंच बापाकडूनही येतं. या जनुकाची एक प्रत हरवली तर दाढा येत नाहीत, हे दाखवणाऱ्या २००२ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक परिमल दास पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या जनुकीय विकार केंद्रात काम करू लागले. म्हणजे तुमच्या घाटापासून रिक्षाच्या अंतरावर हा विषय मुळापासून जाणणारी माणसं आहेत.

आता ते दोन टोकदार दात. कृपा करून काढू नका. काढल्याने चांगले येणार नाहीत. खाली कळीच नसेल तर काहीच येणार नाही. शिवाय जबड्याच्या हाडाची कड दातांच्या आधाराने वाढते आणि टिकते. दात नसतील तिथे ती बारीक सुरीसारखी राहते, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, ओठ पुढे येतात आणि मूल लहान वयात म्हातारं दिसू लागतं. आहेत ते दोन दात म्हणजे त्या हाडाचे दोन खांब आहेत. त्यांना दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट लावून पटाशीसारखा आकार देता येतो. टोचायची भीती नाही आणि कुणी सुळे म्हणून चिडवायचीही नाही. लाळ कमी असल्याने ते किडू नयेत म्हणून दोन वेळा घासणं आणि फ्लोराइड हवं. खाली कायमचे दात नसतील तर हे दुधाचे दात वयाच्या सातव्या वर्षी पडतीलच असंही नाही. सांभाळले तर पुष्कळ वर्षं साथ देतात.

बाकीच्या जागी छोटी कवळी. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कवळी, हे ऐकून घरातली माणसं दचकतात, पण ती बसवतात आणि मुलं ती मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारतात. पहिले काही दिवस काढून फेकतील, मग आरशात पाहून हसतील. तिच्यामुळे चावता येतं, ‘त’ आणि ‘स’ नीट उच्चारता येतात, गाल भरतात. जबडा वाढत राहतो, म्हणून ती दर काही वर्षांनी नवी करावी लागते; चप्पल लहान होते तसंच समजा. हाडात स्क्रू घालून बसवायचे कायमचे दात साधारणपणे जबड्याची वाढ पुरी झाल्यावरच लावतात, कारण भोवतीचं हाड वाढतं आणि स्क्रू तिथेच राहतो. काही तज्ज्ञ खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात अपवाद करतात. लवकर स्क्रू लावून देतो असं कुणी घाईने सांगितलं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

यावर मुळावरचं औषध निघेल का, हेही तुम्ही आज ना उद्या विचाराल. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी हे हरवलेलं प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून गर्भाभोवतीच्या पाण्यात सोडलं. जुळी भावंडं होती, सहाव्या-सातव्या महिन्यात दोनदा दिलं. त्यांचा वृत्तांत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या मुलांना नीट घाम येत होता. जन्मानंतर तान्ह्या बाळांना तेच प्रथिन देऊन पाहिलं तेव्हा मात्र अपेक्षित गुण आला नव्हता. कारण वर आलंच आहे : कळ्या फुटायचा हंगाम गर्भातच असतो, तो उलटल्यावर पाणी घालून उपयोग नसतो. त्यामुळे नातवासाठी हे औषध नाही. लेकीला पुढे दुसरं मूल हवं असेल तर ही माहिती आणि गर्भातल्या तपासणीची माहिती जनुकीय सल्लागाराकडून आधीच घ्यावी. दिवस गेल्यावर धावपळ नको.

आणखी एक, ते मराठी घर म्हणून मुद्दाम सांगतो. मामाचं लग्न झालं असेल आणि त्याला मुली असतील, तर त्या सगळ्या हा धागा वाहतात, कारण मामाकडे मुलीला द्यायला एकच एक्स आहे. त्याच्या मुलग्यांना मात्र हे मिळत नाही. आपल्या पुष्कळ घरांत भाच्याला मामाची मुलगी करायची हौस असते. या घरात ती हौस ठेवू नका. तसं लग्न झालं तर दोन्ही बाजूंनी तोच धागा येईल आणि मग मुलींनासुद्धा विकाराचं पूर्ण रूप होऊ शकेल.

पुढचा चैत्र लागायच्या आत विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात बालरोग आणि त्वचारोग विभागात, आणि तिथल्याच दंतविज्ञान संकायात नातवाला दाखवा. रक्ताच्या नमुन्यावरून जनुकाची तपासणी होऊ शकते, आणि घरातल्या एकाची चूक नेमकी कुठे आहे हे कळलं की बाकीच्यांची तपासणी सोपी होते. जाताना लेकीला न्या, तुम्ही जा, आणि मामालाही सोबत घ्या. त्याचे लहानपणीचे फोटो असतील तर पिशवीत ठेवा. डॉक्टर नातवाच्या तोंडात पाहतील त्याहून जास्त वेळ मामाशी बोलतील : पहिला दात कधी आला, कुठला आला, किती पडले, उन्हाळे कसे काढले. ही उत्तरं त्याच्याशिवाय कुणाकडेच नाहीत.